नावाडी थांबतो

मी एक धागा आहे. सुईत ओवतात तो नव्हे. त्याला निदान टोकाला गाठ असते. संगणकावर अनोळखी माणसं एकाच विषयावर एकाखाली एक लिहीत जातात, त्या लिखाणाच्या लडीला तिथे धागा म्हणतात. पहिला मजकूर टाकला की धागा उघडला म्हणायचं. पुढे सगळे मिळून त्याचा गुंता करतात, त्याला चर्चा म्हणायचं.

माझं नाव 'नावाडी थांबतो'. जन्म मंगळवारी दुपारी पावणेचारला. अंगावर एकूण मजकूर सहाशे बारा, त्यातले वाचण्यासारखे सात-आठ. सरासरी वाईट नाही, असं शेजारचे धागे म्हणतात. त्यांच्यातला एक तर तीन वर्षं नावाड्याच्या टोपीच्या रंगावर चालला आहे.

माझा मुक्काम एका खेळाच्या चाहत्यांच्या जागेत. खेळाचं नाव 'नऊ धक्के'. ऐकून भूकंपाचा वाटेल, पण होता अगदी गरीब खेळ. एक नदी, तिच्यावर नऊ धक्के, तुम्ही टपालवाले. प्रत्येक धक्क्यावर नावाडी येतो, "कुठे जायचं?" म्हणून विचारतो, पडद्यावर तीन उत्तरं उमटतात. तुम्ही एक दाबायचं, की नाव निघाली. तीस सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर तो वल्हं मारून तुमच्याशिवाय निघून जातो. मारामारी नाही, बंदुका नाहीत. त्यामुळे चाहते थोडे होते, आणि थोडे असल्यामुळे फार भांडत.

खेळ करणारी मंडळी पाच. चष्म्याच्या दुकानावर तीन खोल्या, खुर्च्या सहा, त्यातली एक मोडकी. खेळाचं आतलं सगळं यंत्र ज्याने जुळवलं तो चाहत्यांमध्ये 'सुतार' या नावाने लिही. त्याच्या मालकाला सगळे दादा म्हणत. सुतार रोज चहा झाला की आमच्या जागेत येऊन उत्तरं देई. कोणाला सूचना हवी असे, कोणाला भांडण, आणि बऱ्याच जणांना फक्त सुतार आपल्याशी बोलला एवढं घरी सांगायला हवं असे. तो तिघांनाही एकाच सुरात उत्तर देई. हे मला माहीत आहे, कारण मी ज्या पडद्यावर उघडतो त्याच्यासमोरची खोली मला दिसते. लोकांना वाटतं, तेच आम्हाला पाहतात.

मला उघडणाऱ्या बाई घरी शिवणकाम करत. जागेत शिरताना टोपणनाव विचारतात. बाईंनी समोरच्या टेबलाकडे पाहिलं आणि लिहिलं, 'काजबटण'.

आता माझ्या जन्मातली चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं.

आमच्या जागेत तीन विभाग होते: 'गप्पा', 'कौतुक' आणि 'दोष नोंदवा'. 'दोष नोंदवा' अगदी वर, लाल आणि भलंमोठं. 'कौतुक' सगळ्यांत खाली, राखाडी अक्षरांत, कारण तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. काजबटणबाईंना आभार मानायचे होते. त्यांनी 'नोंदवा' हा शब्द वाचला आणि त्यांना वाटलं, काहीही सांगायचं तर नोंद इथेच होत असणार. सरकारी कचेरीत ज्यांचं आयुष्यात एकदा तरी काम पडलं आहे, ते सगळे असंच समजतात. बाईंनी लाल बटण दाबलं. समोर चार रकाने आले. त्यांनी ते शाळकरी मुलीच्या प्रामाणिकपणाने भरले.

काय घडले? 'तिसऱ्या धक्क्यावर नावाडी थांबतो. कितीही वेळ उत्तर दिलं नाही तरी जात नाही.'

काय घडायला हवे होते? 'खरं तर त्याने निघून जायला हवं होतं. सगळे जातात.'

किती वेळा घडते? 'प्रत्येक वेळी.'

आणि चौथा रकाना, 'इतर माहिती'. त्यात बाईंनी हे लिहिलं:

'आमचे हे कापडाच्या दुकानात होते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेली. सव्वा वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा नाही आणि उजवा हात नाही. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्या म्हणाल्या डाव्या हाताला काम द्या, म्हणून मुलीने हा खेळ लावून दिला. आता ह्यांना कोणी काही विचारलं, तर ह्यांचं उत्तर निघेपर्यंत विचारणारा पुढचं बोलायला लागतो. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू, मला शिवणं असतात. तुमचा तिसऱ्या धक्क्यावरचा नावाडी तेवढा थांबतो. काल ह्यांनी सोळा मिनिटांनी उत्तर दाबलं. तो बसून होता. ज्यांनी हा माणूस केला त्यांना माझा नमस्कार सांगा.'

ज्यांनी तो माणूस केला त्यांना हे वाचायला मिळालं नाही. दोषांची यादी सुतारच्या टेबलावर जाई तेव्हा पहिले तीनच रकाने जात. चौथ्यात लोक वाटेल ते लिहितात, म्हणून तो यादीत येत नसे. ज्या रकान्यात माणूस होता, नेमका तोच.

अशा वेळी सावरायला आमच्याकडे हवालदार होता. हा चाहत्यांपैकीच एक, निवृत्त गृहस्थ. चुकीच्या विभागात आलेले धागे योग्य जागी हलवण्याचं काम त्याने हौसेने घेतलं होतं. हौसेची कामं माणूस पगाराच्या कामांपेक्षा चोख करतो. पण मी जन्मलो त्याच्या आदल्या दिवशी त्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डोळ्यावर पट्टी आली. मी लाल विभागात पडून राहिलो.

सुतारने यादी वाचली. तिसऱ्या धक्क्यावर घड्याळ सुरूच होत नव्हतं, हे त्याच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. त्याने कपाळावर हात मारला. एरवी तिथे दोष दुरुस्त व्हायला दोन-तीन महिने लागत, टोपीच्या रंगाला तर तीन वर्षं पुरली नव्हती. पण हा दोष लहान होता, एका ओळीचा, आणि तक्रार कधी नव्हे इतकी स्वच्छ लिहिलेली होती. सहाव्या दिवशी खेळाची नवी आवृत्ती निघाली. माझ्या कपाळावर हिरवा शिक्का बसला, 'सुटला'. खाली सुतारचा मजकूर: 'काजबटण, तक्रारीबद्दल आभार. इतकी नेमकी तक्रार आजवर कोणी केली नव्हती. नावाडी आता तीस सेकंदांत निघतो.'

खाली टाळ्यांचा पाऊस पडला. सगळ्यांत जोरात अकरामिनिटेची टाळी. हे आडनाव नव्हे. नऊच्या नऊ धक्के अकरा मिनिटांत पार केले, म्हणून त्याने स्वतःच घेतलेली पदवी. तिसऱ्या धक्क्यावर काही जण नावाड्याला ताटकळत ठेवून दम खातात, ही फसवणूक आहे, असं तो कधीपासून सांगत होता, आणि सुतार ते नेहमीचं भांडण समजून सोडून देत होता. पुढच्या महिन्यात चाहत्यांची वेगाची स्पर्धा होती. त्याने लिहिलं, 'सुतार, आज मानलं तुला.'

त्या दुपारी काजबटणबाईंच्या घरी मी उघडा नव्हतो. तिथे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा त्यांनी मला उघडलं आणि शेजारी त्यांच्या जाऊबाई पडद्यांचं कापड घेऊन बसल्या होत्या.

"कालपासून तो निघून जातोय," बाई सांगत होत्या. "हे बोट उचलतात तोवर नाव मधे पोचलेली. परत सुरू केलं, परत गेला. पाचदा झालं. मग माझ्याकडे पाहिलं ह्यांनी. जसं काही मीच त्याला सांगितलं."

"मग सांगितलं होतंस का?"

"अगं, मी आभार मानले होते!"

"बघू काय लिहिलंस." जाऊबाईंनी चष्मा लावून मला वरपासून वाचलं. मग चष्मा काढला. "यात 'निघून जायला हवं होतं' कोणी लिहिलंय?"

"मीच. पण ते तसं नाही."

"तसं नसेल. पण लिहिलंय तसंच ना? उद्या दुकानदाराला जाऊन सांग, तुमचं कापड फाटायला हवं होतं, फाटत नाही. तो कात्रीच घेईल."

"तुम्हाला चेष्टा सुचते, वहिनी."

"मला रडताही येतं, पण मग तुला समजवायला कोण?" जाऊबाई खुर्चीत बसलेल्या दिराकडे वळल्या. "काय हो भाऊजी, पाणी देऊ? नको? बरं, चहाच ठेवते." आणि उठल्याही. भाऊजींचं बोट खुर्चीच्या हातावरून इंचभर वर आलं होतं, ते परत खाली गेलं.

बाईंनी मग माझ्यावर लिहिलं, 'सुतारभाऊ, ती तक्रार नव्हती. तो चांगला होता. चौथ्या रकान्यात सगळं लिहिलं आहे. जमलं तर त्याला परत थांबवा.'

सुतारने चहा घेता घेता ते वाचलं. मग दोषांच्या यादीतून बाहेर येऊन मला मुळापासून उघडलं आणि चौथा रकाना वाचला. चहा तसाच राहिला, वर साय धरली. मग तो दादाच्या खोलीत गेला. जाताना मला हातातल्या फोनवर उघडंच ठेवलं होतं.

"दादा, नावाडी परत थांबवायचा."

"परवाच चालता केलास ना?"

"चूक झाली. हे वाचा."

दादाने वाचलं. दादा वाईट माणूस नव्हता. त्याने दोनदा वाचलं. "वाईट वाटतं रे. पण स्पर्धा तोंडावर आहे. वर्षभरात लोकांनी आपलं एकदा कौतुक केलं, तेही परत घेऊ?"

"एक खूण ठेवतो. ज्याला थांबवायचा त्याने खूण करावी, बाकीच्यांना तीस सेकंद."

"खूण ठेवली की ती नऊही धक्क्यांवर तपासावी लागणार. तीन आठवडे. एका माणसासाठी?"

"काढलं तेही एकाच माणसाचं ऐकून ना, दादा?"

दादाने फोन परत त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "स्पर्धा होऊ दे."

त्यांच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: चाहत्यांना लिहिताना टाळायचे शब्द. 'लवकरच', 'नक्की' आणि 'माझी चूक'. सुतारनेच तो छापून लावला होता. त्या दुपारी त्याने माझ्यावर लिहिलं, 'माझी चूक झाली. नक्की दुरुस्त करतो. लवकरच.' तिन्ही शब्द, एका दमात.

पुढे स्पर्धा झाली. मग स्पर्धेतल्या तक्रारी आल्या. मग पाचांपैकी दोघं नोकरी सोडून गेले आणि त्यांचं काम सुतारच्या टेबलावर आलं. माझ्या अंगावर मात्र रोज भर पडत होती. अकरामिनिटेने लिहिलं, एकासाठी सगळ्यांचा नियम बदलू नये. त्यावर दुसऱ्या कोणी त्याला दगड म्हटलं, त्याने त्याला रडवा म्हटलं. पट्टी सुटल्यावर हवालदार आला, त्याने सगळं वाचलं आणि लिहिलं, 'मी असतो तर हा धागा पहिल्याच दिवशी कौतुकात हलवला असता. बाई, माफ करा.' त्यालाही चौघांनी सुनावलं.

एकाने रोज सकाळी मोजायला सुरुवात केली. 'आज लवकरचा विसावा दिवस.' 'आज लवकरचा साठावा दिवस.' काजबटणबाईंची बाजू घेणारे सुतारला इतकं वाईट बोलू लागले, की बाईंनाच मधे पडावं लागलं. त्यांनी लिहिलं, 'सुतारभाऊंना बोलू नका. मीही परवा एकीच्या झग्याला बाही उलटी लावली. ती मला एवढं नाही बोलली.' बाईंनाही मग कोणीतरी सुनावलं, की हा तुमचा वैयक्तिक प्रश्न राहिलेला नाही.

दादाने सुतारला लिहायला बंदी केली. चाहत्यांशी बोलायला एक संवाद अधिकारी नेमला. त्याचं उत्तर ठरलेलं असे: 'आपल्या भावना संबंधितांपर्यंत पोचवल्या आहेत.' ते खोटं नव्हतं. संबंधित दोन खुर्च्या सोडून बसला होता आणि तेच वाचत होता.

मी त्या घरातही उघडत असे. बाई शिवता शिवता उठून मला पाहून जात. संगणकासमोरची खुर्ची आधी भिंतीकडे सरकली, मग खिडकीकडे वळली. बाईंचे यजमान आता खेळाकडे बघत नसत. एकदा व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "हल्ली डाव्या हाताला काम देत नाही का तुम्ही?" काजबटणबाई म्हणाल्या, "कामावरून काढलं त्यांना." बोलताना हसल्या होत्या. मग मशीन जोरात चालवलं.

आठव्या महिन्यात त्या तीन खोल्यांना कुलूप लागायचं ठरलं. 'नऊ धक्के' एका मोठ्या कंपनीकडे गेला, माणसं गेली नाहीत. सुतारचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. शेवटच्या दिवशी लोक टेबल आवरतात. सुतारने टेबल तसंच ठेवलं आणि दुपारभर बसून खूण घातली. नऊ धक्क्यांवर तपासली नाही, तिसऱ्यावर तपासली. नावाडी खोकला, टोपी सारखी केली, बसला. सुतार समोर बसून राहिला, दादाने दार वाजवेपर्यंत.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं."

"मला न विचारता?"

"आता विचारून काय करू दादा, तुम्हीही कुठे मालक आहात?"

दादा हसला. मग म्हणाला, "पाठव." सुतारने पाठवलं आणि बंदी मोडून माझ्यावर लिहिलं, 'काजबटण, निवडींच्या पानावर शेवटची खूण करा. नावाडी थांबेल. उशीर झाला. सुतार.' संध्याकाळी त्याची किल्ली काढून घेतली. आमच्याकडे किल्ली म्हणजे लिहिण्याचा हक्क.

काजबटणबाईंचं उत्तर दोन आठवड्यांनी, रविवारी आलं. सोमवारी नव्या मालकांनी मला बंद केलं, कारण कपाळावरचा हिरवा शिक्का पाहून त्यांना वाटलं, इथलं काम झालेलं आहे. आता माझ्यावर कोणी लिहू शकत नाही. या महिनाअखेर ही सगळी जागाच जाणार आहे, गप्पा, कौतुक आणि दोष, तिन्ही.

सुतार रोज येतो. नाव नसलेल्या वाचकाला इथे 'पाहुणा' म्हणतात, तसा पाहुणा म्हणून. घरचं टेबल लहान आहे, समोर भिंत आहे. तो बाईंचं उत्तर वाचतो, मग खालच्या चौकोनावर बोट ठेवतो. चौकोन सांगतो, 'आपणास येथे लिहिता येणार नाही.' हे त्याला माहीत आहे. चौकोनही त्यानेच बनवला होता.

वाचकहो, धाग्याला फार मागणं शोभत नाही. मला कोणी जपून ठेवावं असं माझ्यात नाही. सहाशे बारा मजकुरांत पाचशे नव्वद तरी माणसांनी एकमेकांचं ऐकून न घेतल्याचे पुरावे आहेत. तेवढे खुशाल पुसा. शेवटचा तेवढा आज वाचून घ्या. बाईंनी तो शिवणाच्या टेबलावर बसून लिहिला, मधे एकदाही न उठता. तो असा आहे:

'सुतारभाऊ, नमस्कार. तुम्ही केलेलं पोचलं. खूण केली आणि ह्यांना समोर बसवलं. आधी बघेचनात. मग बघितलं. नावाडी आला, खोकला, टोपी सारखी केली, बसला. हेही बसले. मी शिवण बाजूला ठेवलं. तीन उत्तरं होती, पलीकडे, परत, आणि अजून ठरलं नाही. ह्यांनी बोट काही उचललं नाही, नुसते त्याच्याकडे बघत राहिले, चांगला पाऊण तास. मग म्हणाले, "जा." तोंडाने म्हणाले. दोन वर्षांनी ह्यांचा आवाज ऐकला, मला आधी वाटलं जिन्यात कोणी आलं. नावाडी कुठला जातोय, त्याला ऐकू येत नाही. हे परत म्हणाले, "जा," अगदी समजुतीने, दुकान बंद करताना रेंगाळलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचे तसं. मग मीच संगणक बंद केला. व्यायामाच्या बाईंना फार आनंद झाला, म्हणाल्या शब्द फुटला, आता पुढचे येतील. पुढचे अजून आलेले नाहीत. हा एकच आहे. दूधवाल्याला म्हणतात, जाऊबाईंना म्हणाले तर त्या रुसून बसल्या. मलाही म्हणतात, दिवसातून दहा वेळा, हात धरून म्हणतात. मी काही जात नाही.'